सुरेखाचं न वाजणारं घर

फोन आला तेव्हा सुरेखाची थोरली, प्राजू, कुजबुजत होती. मी सांगलीत अंगणात ज्वारी निवडत बसले होते. कानांनी धड ऐकू येत नाही, म्हणून ओरडले, "मोठ्यानं बोल की गं, कोण मेलंय का काय?" फोन कानात दाबला, तर पलीकडून तशाच बारीक आवाजात उत्तर आलं, "आजी, आई गेली." आई मरून पडलेली आणि पोरगी तिची झोप मोडू नये अशा आवाजात सांगत होती... तो आवाज अजून कानातून जात नाही.

सुरेखा माझ्या भावाची मुलगी. भाऊ लवकर गेला, तिचं लग्न मीच साताऱ्यात लावून दिलं. जावई फौजेत, रजेपुरता घरी. ती गेली छातीत कफ साठून, तापानं. पण तिचं खरं दुखणं निराळंच होतं. धाकटा ओंकार प्राथमिक शाळेत असताना ते सुरू झालं. अंगातल्या नसा पेटल्यासारख्या व्हायच्या. मिरजेपर्यंत डॉक्टर झाले. एकानं सरळ सांगितलं, हे दुखणं माणसाला मारत नाही आणि सोडतही नाही. कुणी हात लावला की दुखायचं, शेजारी धपकन बसलं की दुखायचं, भांडं पडलं तर ते अंगावरच पडल्यासारखी ती आखडायची. गादी टोचायची, म्हणून मधल्या खोलीत फरशीवर घोंगडं टाकून पडून असायची. त्या घोंगड्यावरूनच तिनं दोन पोरं वाढवली, आणि तीही नको त्या वयातली.

प्राजू नववीत असताना मोबाइलवरून भांडण झालं आणि तिनं दार आपटलं. तेवढंच. सुरेखा ओरडली नाही. तोंड उघडं, आवाज नाही, अशी अंधार पडेपर्यंत पडून राहिली. दुसऱ्या दिवशी पोरीनं जुनं पातळ फाडलं आणि दारांच्या कडांना चिंध्या गुंडाळल्या. मग खुर्चीचे पाय बांधले, कड्या बांधल्या. ताटं एकावर एक ठेवताना मध्ये फडकं घालायला लागली. कुकर माळ्यावर टाकला, डाळ पातेल्यात शिजायला लागली. दोघंही पोरं चालायची ती पाय टेकतात की नाही अशी. मी राहायला गेले की माझा जीव घाबरा व्हायचा. चूल आवरून मागं वळावं तर ओंकार पाठीशी उभा. कधी आला, काही पत्ता नाही. मी म्हणायची, "मेल्या, खोक तरी की!" तो तोंडावर बोट ठेवून हसायचा.

आणि सुरेखाला मात्र सगळं कळायचं. तळवा फरशीवर पालथा टाकून पडायची, आणि पोरांची पावलं आम्हाला ऐकू येत नसली तरी तिच्या हाताला लागायची. एकदा ओंकार बाहेरून आला. तिनं डोळे मिटलेलेच होते.

"ओंक्या, क्लास बुडवलास."

"न्हाई गं."

"क्लासवरनं येताना तू सरळ आत येतोस. आज उंबऱ्यावर थांबलास."

"आई, तू पोलिसात जा की."

"तिथं उभं राहायला लागतंय रं."

पोरगा हसला आणि कबूल झाला. प्राजू कुणाशी तरी बोलत बोलत जिन्यापर्यंत येते, हेही तिला तसंच कळलं. रागावली नाही. म्हणाली, "त्याला वर बोलव, चहा घेऊ दे. जिन्यात उभं राहून पाय दुखतील त्याचे." पोरगी आठवडाभर लाजून बोलली नाही. मार नाही, आरडाओरडा नाही. तशी ताकद अंगात नव्हती, पण पोरं हातातून गेली नाहीत.

ती मला एकदा म्हणाली, "आत्या, ह्यांच्या वयात पोरं घर डोक्यावर घेत्यात. मी पोरं वाढवतीय का भुतं गं?"

मी म्हटलं, "भुतं तरी वाजतात."

ती हसली, आणि हसल्यानं तिच्या बरगड्या दुखल्या. पण तिनं ते मनाला लावून घेतलं होतं. ओंकारला शाळेच्या लेझीमच्या पथकात घेतलं, तेव्हा तिनं हट्टच धरला. "हितं खेळ. माझ्यापुढं. वाजवून." मी तिथंच होते. ओंकार लेझीम घेऊन आला, पण चकत्यांच्या मधे त्यानं चिंधी कोंबून आणली होती. तो वाकत होता, बसत होता, गिरकी घेत होता, हात वर जात होते... आणि आवाज कशाचाच नाही. ना चकत्यांचा, ना पायाचा. अशी लेझीम मी जन्मात बघितली नव्हती.

"जोरात हाण की रं!" सुरेखा म्हणाली.

"हाणतोय की."

"फौजीचा पोरगा न्हवं तू?"

त्याच्यानं झालं नाही. तिनं भिंतीकडं तोंड केलं. मी विचारलं, "दुखलं का?" तर म्हणाली, "न्हाई. हाताला काहीच लागलं न्हाई." आमची ती शेवटची भेट.

मी पोचले तेव्हा जावई यायचे होते. ते आल्यावर त्यांनी अग्नी दिला. त्या रात्री ती गेली त्या जागेवर आपल्याकडच्या रीतीप्रमाणं पीठ पसरलं, दिवा लावला आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून पिठात कशाचं पाऊल उमटलंय ते बघतात. आम्ही बघितलं. पीठ जसंच्या तसं, सपाट, कुठं मुंगीची रेघसुद्धा नाही. शेजारच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. प्राजू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, तिलाबी आता न वाजवता चालता यायला लागलं." मी तिला गप्प केलं. पण नंतर कितीतरी दिवस मी त्या खोलीतून जाताना खाली बघून चालत होते.

तेरावं झालं. रजा संपली. जावई जाताना म्हणाले, "आत्या, तुमी राहाल का?" मी राहिले. पोरांना म्हटलं, काढा त्या चिंध्या आता. प्राजू म्हणाली, "राहू दे. तिला..." आणि थांबली. मी सुरीनं चिंध्या कापल्या. काही फरक पडला नाही. दारं पोरं हातानं धरून लावायची. पातेलं उतरवायचं तर बाळ उतरवल्यासारखं. मी मुद्दाम तांब्या पाडला, तर दोघं एकदमच त्या घोंगड्याकडं धावली. घोंगडं मोकळं होतं. ती दोघं त्याच्यापुढं उभी राहिली, माझ्याकडं बघेनात.

मागच्या आठवड्यात दुपारी माझी पाठ धरली, म्हणून मी त्याच घोंगड्यावर आडवी झाले. हात सहज फरशीवर पडला. डोळा लागत होता. ऐकू तर मला तसंही धड येत नाही. पण तळव्याला काहीतरी लागलं... आलं, थांबलं, मग पुढं आलं. आणि मी डोळे न उघडता म्हणाले, "ओंक्या, क्लास बुडवलास."

डोळे उघडले तर पोरगा दारात पांढराफटक. "आजी, तुला कोण बोललं?"

मला तरी काय ठाऊक? ते वाक्य माझं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "लेझीम आण."

त्यानं आणली. चकत्यांमधली चिंधी घट्ट बसली होती, मी दातांनी ओढून काढली. प्राजूही येऊन उभी राहिली. मी परत आडवी झाले, हात फरशीवर ठेवला. म्हटलं, "हाण."

त्यानं एकदा वाजवली. इतकी लख्ख वाजली की मलासुद्धा ऐकू आली. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत उभी. मी आखडते का, याची वाट बघत होती. मी हलले नाही. "जोरात हाण की रं!" म्हणाले. मग त्यानं हाणली. पाय आपटला, परत आपटला, फळीवरची ताटं खडखडली. प्राजूनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग ते हात खाली आले आणि तीही पाय आपटायला लागली. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन ओरडली, "काय चाललंय वर?" तरी पोरं थांबली नाहीत. दमली तेव्हाच थांबली, आणि धापा टाकत माझ्याजवळ बसली, धपकन.

लेझीम जमिनीवर होती. कुणी हलत नव्हतं. ठेका मात्र माझ्या तळव्याला आणखी थोडा वेळ लागत राहिला, खालून, सावकाश. म्हाताऱ्या हाताची नस अशी उडते कधी कधी. पोरांना मी काही सांगितलं नाही. हातही काढला नाही.