घरच्या पाहुण्याचा फॉर्म

“पावणं, पासपोर्ट द्या की.”

हे वाक्य मामा चक्क मराठीत म्हणायचे आणि समोरचा जपानी असो की जर्मन, निमूटपणे खिशात हात घालायचा. पासपोर्ट घेण्याआधी मामा दोन्ही तळवे पँटीला पुसायचे. आमच्या शेतीसंशोधन संस्थेच्या अतिथिगृहाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती; संस्थेत सगळेच त्यांना मामा म्हणत.

नव्वद सालानंतर आमच्याकडे परदेशी प्राध्यापक येऊ लागले. आठ-पंधरा दिवस राहायचे, दोन-तीन व्याख्यानं द्यायची आणि परत जायचं. बोलावणारा मी, पत्रावर सही माझी. त्यांचा व्हिसा असायचा बिझनेसचा. मामांना याची भारी गंमत वाटे. “बॅगंत नुसती पुस्तकं, आन् म्हणं बिझनेस. धंदा बुडतोय ह्यांचा.”

पाहुणा उतरला की चोवीस तासांत पोलिसांकडे सी फॉर्म द्यावा लागे. तो कुठे राहतो, कधी जाणार, सगळं त्यात; मुक्काम बदलला की पुन्हा नवा. या बाबतीत मामांनी आपल्या बापाचंही ऐकलं नसतं. एकदा पन्हाळ्याहून भिजून आलेल्या, थंडीनं कुडकुडणाऱ्या बाईंना त्यांनी आधी सही करायला लावली आणि मग टॉवेल दिला. मी वैतागलो, तर म्हणाले, “टावेल मी कवाबी देतो. त्यो सायेब कचेरी बंद करून जातोय.” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम असलं की गोड वाटतात, एरवी डोक्याला ताप.

मग एका दिवाळीत हंगेरीचे एक म्हातारे प्राध्यापक आले. मातीचे अभ्यासक होते. तारखा ठरवताना दिवाळी माझ्या लक्षातच आली नव्हती. मी सासुरवाडीला, साताऱ्याला निघून गेलो. स्वयंपाकी गावी गेलेला, आणि सबंध अतिथिगृहात तो एकटा म्हातारा. मामांचा फोन आला. पावण्याला सणाला एकटं कसं ठेवायचं, घरी नेऊ का, असं विचारत होते. मी म्हणालो, न्या की, दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. फॉर्मचं मला सुचलं नाही.

मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात मामींनी त्या माणसाला पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं, ओवाळलं. तो रडला म्हणे.

नेमके त्याच दिवशी पोलीस तपासणीला आले. फॉर्मवर पत्ता अतिथिगृहाचा आणि खोलीला कुलूप. म्हाताऱ्याला दिवसभर कचेरीत बसवून प्रश्न विचारले, व्याख्यानं रद्द झाली आणि त्याला परत पाठवलं. पुढे त्याला व्हिसा मिळाला नाही. मामांना निलंबित करून संस्थेनं चौकशी लावली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

चौकशीला मीही हजर होतो. साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं एक फॉर्म चुकला नाही, मग याच वेळी कसा राहिला? मामा खरोखरच गोंधळले.

“घरच्या पावण्याचा फॉर्म भरत्यात व्हय, सायेब?”

मग विचारलं गेलं, घरी न्यायला परवानगी कुणाची होती? मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “कुनाची न्हाय. मीच नेलं.”

त्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती. मी समोरच्या कागदावर रेघोट्या मारत बसलो. बढती मिळाली.

चौकशी रेंगाळली. निवृत्तीची तारीख आली आणि गेली, पेन्शन अडकूनच राहिलं. मामा उचगावच्या एका कारखान्यात गेटवर बसू लागले. मी तो रस्ताच टाळायचो. दोन हजार पाचच्या सुमारास ते गेले. निकाल तेव्हाही लागला नव्हता.

महिन्याभरानं मी मामींना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, “सायेब, त्यास्नी फोनवर कुनीतरी घिऊन जा म्हटलंतं. लई इचारलं, पर मरस्तोवर नाव सांगितलं न्हाय. तुमास्नी ठावं आसंल तर तेवढं लिवून द्या की. माझं पेन्शन तरी सुटंल.”

मी बघतो म्हणालो.

लिहून दिलं नाही. आज लिहितो आहे, तेव्हा मामींना जाऊनही चार वर्षं झाली.