टॉवरआबांची तब्येत

टॉवरआबांना गावात कधी शिंक आली नाही. म्हणजे यायची, माणसालाच ती. पण यायला लागली की ते नाक चिमटीत धरायचे, काहीतरी आठवल्यासारखा चेहरा करायचे आणि ओढ्यापलीकडच्या उसात जाऊन शिंकून यायचे. खोकल्याचंही तेच. परत येताना हातात बाभळीची काडी असायची, म्हणजे दातवण आणायला गेले होते असं बघणाऱ्याला वाटावं. दिवसातून चार वेळा दातवण करणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. त्यांचाही इलाज नव्हता. त्यांच्या तब्येतीवर ग्रामसभेचा ठराव झालेला होता.

आमचं गाव न्हावऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर, ऊस आणि कांद्याचं. दोन हजार सालानंतर मोबाइल कंपन्यांचे टॉवर उभे राहायला लागले, त्यात एक आमच्या माळावर उभा राहिला. आता खोटं कशाला बोलू, गावात टॉवरची भीती पहिल्यांदा मीच घातली. एसटी स्टँडवर माझा एसटीडी बूथ होता. टॉवर आला की बूथ जाणार, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. कुठल्याशा पेपरात आलं होतं की या लहरींनी चिमण्या कमी होतात. ते कात्रण मी बूथच्या काचेला आतून चिकटवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावलं. चिमण्यांच्या पुढचं सगळं गावानं स्वतःच्या बुद्धीनं वाढवलं.

महिन्याभरात टॉवरनं काय काय केलं होतं म्हणून सांगू. एकाच्या म्हशीचं दूध आटलं. चाळीतला कांदा सडला. मास्तरांचं डोकं दुखायला लागलं, त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं गणितात नापास झाली. एका सासूबाईंची सून सकाळी उशिरा उठायला लागली. टॉवर व्हायच्या आधीही ती उशिराच उठायची, पण तेव्हा कारण सापडलं नव्हतं. मी बूथमध्ये बसून सगळं ऐकायचो आणि गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचो.

शेवटी ग्रामसभा भरली. अर्धं गाव म्हणे टॉवर पाडा, अर्धं म्हणे रेंज येतीय ती जाऊ देऊ नका. सरपंच आप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. टॉवरच्या बुडाशी रोज बारा तास कोण बसतं? राखणदार. मग त्याच्याकडं वर्षभर लक्ष ठेवायचं. त्याला काही झालं तर टॉवर काढायचा, नाही झालं तर पुन्हा विषय काढायचा नाही. दिवसपाळीचा राखणदार परमुलखातला होता. त्याची आधीची तब्येत कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून तो पुराव्यात धरला नाही. राहिले रात्रपाळीचे आबा. ते दाराशी उभेच होते. त्यांना कुणी विचारलं नाही, ठराव मात्र टाळ्या वाजवून मंजूर झाला.

आबा आमच्या गावच्या बौद्धवाड्यातले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोरेगाव भीमाकडच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं भट्टीपुढं काढली. कारखाना बंद पडल्यावर गावी आले आणि हे काम मिळालं. त्यांच्या तोंडात एकच वाक्य कायम असे, “उगं कुणावर आळ घेऊ न्हाई.” कुणाची मोटर चोरीला गेली आणि चार नावं पुढं आली की आबा हे म्हणणार. एकदा माझ्या दोन कोंबड्या गेल्या तेव्हा मी म्हणालो, मुंगसानंच नेल्या. आबा म्हणाले, “बघितलं का तुम्ही? मग उगं आळ घेऊ न्हाई. मुंगसावर बी.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो.

तर या माणसाची तपासणी सुरू झाली. सकाळी रानात जाणारा प्रत्येक जण टॉवरपाशी थांबायचा. कुणी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचं, कुणी जीभ बाहेर काढायला लावायचं. बाजाराच्या दिवशी त्यांना कांद्याच्या वजनकाट्यावर उभं करायचे. आबा निमूटपणे उभे राहायचे. एक शब्द वाकडा बोलायचे नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर पहिल्याच बाजारी काट्याचं पारडं कुणाच्या तरी डोक्यात घातलं असतं.

एवढं सगळं ते कशासाठी सोसायचे, ते मला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक सुमन केंदूरला दिलेली होती. तिथं ती अंगणवाडीत कामाला होती. कंपनीनं आबांना एक मोबाइल दिला होता, जनरेटर बंद पडला तर कळवायला म्हणून. जावयानंही एक घेतला होता. रोज संध्याकाळी आबा कामावर आले की सुमनचा फोन यायचा. काय खाल्लं, भाकरी वाळकी होती का, कालवण होतं का, एवढंच बोलणं. पण फोन झाला की आबा तो सदऱ्याच्या खिशात ठेवून वरून थोपटायचे. पूर्वी महिन्यातून एकदा ते माझ्या बूथवरून तिच्या शेजाऱ्यांकडं फोन लावायचे आणि निरोप ठेवून जायचे. टॉवर गेला असता तर नोकरी गेली असती, आणि हा फोनही गेला असता.

त्या पावसाळ्यानंतर आबांनी एक नवीनच सवय काढली. माझ्याकडं चहाला आले की पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचे आणि त्यातच चहा घ्यायचे. मला ते फार लागलं. आमच्या घरात बौद्धवाड्यातल्या माणसांसाठी कप वेगळे ठेवायचे दिवस मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले आहेत. माझ्या बायकोनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच ते कप फोडून टाकले, आणि आबा आमच्याच कपातून कितीतरी वर्षं चहा पीत आले होते. मी म्हणालो, आबा, आता ह्या वयात आम्हाला लाजवता का? ते नुसते हसले आणि पेला विसळून पिशवीत टाकला. मी मनात राग धरला.

त्याच सुमाराला आबा दौंडला जायला लागले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पाळी संपली की सकाळच्या एसटीनं जायचे आणि दुपारी परत यायचे. विचारलं तर म्हणायचे, काम होतं. कसलं, ते सांगायचे नाहीत. रात्रपाळी केलेला विधुर माणूस धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून आठवड्यातून तीनदा दौंडला जातो, म्हटल्यावर गावाला पुढचं सांगावं लागलं नाही. आबांनी दौंडला बाई ठेवली. आठवड्याभरात तिचं वयही ठरलं. ती रेल्वेच्या चाळीत राहते, गोरी आहे आणि मटण चांगलं करते, हेही कुणीतरी शोधून काढलं. कुणी आबांना तोंडावर विचारलं तर ते खाली मान घालून हसायचे. नाही म्हणायचे नाहीत. गावाची खात्रीच पटली, आणि तब्येत उत्तम असल्याचा हा आणखी एक पुरावा म्हणून धरण्यात आला.

माझा मेव्हणा रेल्वेत होता, दौंडला. एका बुधवारी मी त्याच्याकडं गेलो. त्याच्या मुलाला ताप होता, म्हणून त्याला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एका खिडकीपाशी रांग होती आणि रांगेत आबा होते. तोंडाला रुमाल बांधलेला. त्यांचा नंबर आला तेव्हा नर्सनं त्यांच्या हातावर सहा-सात गोळ्या ठेवल्या, आबांनी पिशवीतून तो स्टीलचा पेला काढला आणि तिच्या समोर एकेक गोळी गिळली. वरच्या पाटीवर क्षयरोग लिहिलेलं होतं. चहाच्या पेल्यावरून मी या माणसावर राग धरला होता, आणि तो माझ्या लेकरांना जपत होता.

बाहेर येताच त्यांनी मला पाहिलं. पळाले नाहीत. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो, ते माझ्यापासून हातभर लांब. डॉक्टर म्हणाले होते, जुनं दुखणं आहे, भट्टीच्या धुळीनं छाती आधीच खराब झालेली. सहा महिने नेमानं गोळ्या घेतल्या तर बरं होईल. गोळ्या आमच्या उपकेंद्रातही फुकट मिळाल्या असत्या. पण तिथं त्या नर्सबाईंच्या समोर बसून गिळायच्या, आणि नर्सबाईंच्या ओसरीवर कायम अर्धं गाव बसलेलं. म्हणून त्यांनी हात जोडून दौंडच्या दवाखान्यात नाव लावून घेतलं होतं.

मी म्हणालो, पण आबा, लोक तुमच्याबद्दल काय काय बोलतात.

“बोलू द्या,” आबा म्हणाले. “बाई हाय म्हनलं तर मला एकट्यालाच नाव ठेवत्याल. खोकला हाय म्हनलं तर टॉवरवर आळ येईल. त्यानं न्हाई केलं हे, दत्ताशेठ. मी तवाच घेऊन आलोय छातीत.”

मग पेला पिशवीत टाकत म्हणाले, “आता तुमच्या हातात हाय.”

ते माझ्या हातात होतं हे त्यांनाही कळत होतं. बूथची कमाई निम्म्यावर आली होती. मी स्टँडवर नुसतं एवढं म्हटलं असतं की आबांना दौंडच्या दवाखान्यात पाहिलं, तर महिन्याभरात टॉवर खाली आला असता. आणि खोटंही बोलावं लागलं नसतं. मी दोन दिवस बूथमध्ये बसून हा विचार केला, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी काचेचं कात्रण ओलं करून खरवडून काढलं. त्या बाजारी आबा काट्यावर उभे राहायच्या आधी मीच त्यांच्या खिशात चार नट-बोल्ट सरकवले. खिसा आधीच जड होता. त्यांनी स्वतःही घातले होते. आबांचं वजन त्या आठवड्यात एकदम दीड किलोनं वाढलं, आणि आप्पांनी दौंडच्या मटणाचं कौतुक केलं.

गावानं ठेवलेल्या नावाची किंमत दुसरीकडून वसूल झाली. केंदूरची कोणी बाई आमच्या बाजाराला आली होती, तिच्याबरोबर बातमी तिकडं गेली. सुमनचा फोन बंद झाला. आबा संध्याकाळी मोबाइल हातात घेऊन बसायचे. रेंज पुरेपूर, टॉवर डोक्यावरच. मी म्हणालो, तुम्ही लावा की फोन, सांगा तिला खरं. ते म्हणाले, पोर पोटुशी आहे, टीबी म्हटलं तर ऊर बडवत पळत येईल आणि इथं येऊन माझ्या उशाशी बसेल, नको. पाच आठवडे फोन आला नाही. त्या पाच आठवड्यांत ते खरोखर आजारी दिसायला लागले.

एक दिवस सुमनच एसटीतून उतरली. आधी माझ्या बूथपाशी आली. चेहरा लाल झालेला. म्हणाली, दत्ताकाका, त्या बाईचा पत्ता द्या, मला तिला एकदा बघायचीय. कुणाला सांगणार नाही म्हणून मी आबांना शब्द दिला होता, तो मी तिथं मोडला. सगळं सांगितलं. ती बाकावर बसली, एक तांब्या पाणी प्यायली आणि माळाकडं चालायला लागली. तिला सोबत म्हणून मी मागं गेलो.

आबा पाळीवर नुकते आले होते. तिला बघून उठायला लागले, आणि लांब राहा म्हणून हातानं खुणावायला लागले. ती चार पावलांवर थांबली. बराच वेळ त्यांच्या गळ्याच्या हाडांकडं बघत राहिली.

“आबा,” ती म्हणाली, “बाई खरंच असती तर बरं झालं असतं. दोन घास गरम तरी मिळालं असतं तुमाला.”

आबांनी तोंडाला रुमाल लावला. खोकला आला म्हणून नव्हे.

त्या दिवसापासून फोन पुन्हा सुरू झाला. दर दोन दिवसांनी केंदूरहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती एक डबा यायला लागला. उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. गाव म्हणालं, लेकीनं मोठं मन केलं, बाईला पदरात घेतलं. वर्ष संपलं तेव्हा आबांचा कोर्सही संपून गेला होता आणि अंगावर मूठभर मांस आलं होतं. ग्रामसभेत त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. मास्तरांनी विज्ञानाचा विजय झाल्याचं सांगितलं. टॉवर राहिला, वर्षभरानं माझा बूथ गेला. मी तिथंच रिचार्जची कूपनं विकायला लागलो. टॉवरनं काय होतं आणि काय होत नाही, ते मला आजही ठाऊक नाही. कुणी विचारलं तर मी तसंच सांगतो.

पुढं काही वर्षांनी आबा लेकीकडं केंदूरला राहायला गेले आणि तिथंच, दुपारचं जेवण करून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांच्या पुण्यानुमोदनाला आमच्या गावातून एक टेम्पो भरून माणसं गेली. मास्तर बोलले, आबा टॉवरखाली कसे ठणठणीत राहिले ते. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो तो सगळं सांगायचंच म्हणून. माणूस गेला, आता कुणाला भ्यायचं? त्यांच्यावरचा तो आळ तरी उतरू दे, असं मनात होतं. पण समोर सुमन बसली होती. तिनं जराशी आडवी मान हलवली. नको म्हणाली. मी आबा फार चांगले होते एवढं म्हणून बसलो.

चहा झाल्यावर सरपंच आप्पा काठी टेकत तिच्याजवळ गेले. ते आता फार थकले होते. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “पोरी, रागावू नकोस. पर ती दौंडची… तिला कळवलं का कुणी?”

जवळच्या दोन-चार माणसांनी कान टवकारले. सुमनच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

“कळवलं, आप्पा. तिला यायला न्हाई जमलं.”

“वाईट वाटलं असंल बिचारीला.”

“व्हय,” सुमन म्हणाली. “लई जपलं तिनं आबांला.”

मी उठलो आणि हात धुवायचं निमित्त करून मागच्या नळापाशी जाऊन रडलो.