शिगेबाईंना 'चान' म्हणू नका

ऐंशी उलटलेल्या बाईला 'चान' म्हणतात मेले! तान्ह्या पोरींच्या, मांजरांच्या नावामागे लावायचं ते लाडाचं शेपूट. आमच्या योनागो शहरातल्या वृद्धाश्रमाचा तरुण व्यवस्थापक ताबाता रोज सकाळी शिगे इसोझाकींच्या खोलीत डोकावून ओरडायचा, "शिगेचान, उठलीस का गं?" मी तिथे स्वयंपाकाला. वाटायचं, भाताचं भांडं घालावं याच्या डोक्यात.

शिगेबाई तोफूवाल्यांच्या घरात सून म्हणून आल्या. सासू त्यांना नुसतं "शिगे!" म्हणून हाकारायची, पुढे काही लावायची नाही. पहाटे उठून सोयाबीन दळायचे, बर्फासारख्या पाण्यात हात घालून तोफू कापायचा. बोटं वाकडी झाली, तेव्हा कुठे एका सकाळी सासू म्हणाली, "शिगेसान, आजपासून कढई तुमची." ते मानाचं 'सान' बाईंनी कमावलेलं होतं. आणि हा कालचा पोरगा ते काढून घेणार!

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी 'चान'ला ओ देणंच सोडलं. ताबाताने ठरवून टाकलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली, हिला वरच्या कुलूपबंद मजल्यावर हलवा. मी म्हटलं, "अहो, एकदा इसोझाकीसान म्हणून तर बघा."

"मावशी, चान म्हणजे प्रेम असतं, प्रेम!"

डोंबलाचं प्रेम!

शेवटी डॉक्टर आले, ओसाकाहून मुलगाही आला. मी चहा घेऊन गेले ती तिथेच उभी राहिले. ताबाताचं ऐकून डॉक्टरांनीही तोच सूर लावला, "शिगेचान, आज वार कोणता?"

बाई खिडकीबाहेर बघत गप्प.

"बघितलंत?" ताबाता म्हणाला. मग मुलापुढे कमरेत वाकला. पैसे भरणारा ना तो! आवाजात साखर घोळवत, 'सान'च्याही वरचं 'सामा' लावून म्हणाला, "इसोझाकीसामा, वरच्या मजल्यासाठी इथे सही करता का?"

"नाही करत," शिगेबाई म्हणाल्या.

मुलाचं पेन हवेतच राहिलं. बाईंनी मान वळवली. "आज गुरुवार आहे. आणि वरच्या मजल्यावर मी जाणार नाही."

ताबाताची बोबडी वळली. "म्हणजे... तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं की. पण इथे आल्यापासून तुम्ही मला हाकच मारली नव्हती."