ह्यांचे कान आणि माझी आई

आमच्या ह्यांना बाजारात सगळे कानसेन म्हणतात. गाडीत स्पीकर बसवणारे पुष्कळ, पण हे मात्र काम झाल्यावर पुढच्या सीटवर डोळे मिटून बसतात आणि बारक्या स्क्रूड्रायव्हरने क्रॉसओव्हर जुळवत राहतात. क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी करणारी पेटी. भरदार आवाज डिकीतल्या मोठ्या स्पीकरला, मधला दारातल्यांना, आणि बारीक, टोकदार तो काचेजवळच्या बोटभर ट्वीटरला. "ज्याचं काम त्याने करायचं, दुसऱ्यात नाक खुपसायचं नाही," हे गिऱ्हाइकांना सांगत.

माझी आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आली. तिने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. नुसत्या 'हॅलो'वरून समोरच्याला सर्दी झालीय की तो रडून आलाय, हे ती सांगायची. जीभही तशीच तिखट. तपासणीला तिला आमच्याच गाडीतून नेत होतो, रेडिओवर बातम्या चालू होत्या.

"जावईबापू," ती म्हणाली, "ही बाई बातम्या देतेय की शिट्ट्या मारतेय?"

"आई, तुमच्या हेडफोनची सवय वेगळी, हे वेगळं," हे म्हणाले. आणि रेडिओच बंद करून टाकला.

पुढच्या महिन्याभरात तीन गिऱ्हाइकं तक्रार घेऊन परत आली. तिसरे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, दिवसभर गाडीतच असणारे. "तुमचं काम म्हणून इतके दिवस बोललो नाही," ते बिचारे चाचरत म्हणाले, "पण 'स' आणि 'श' आले की दात आंबतात हो." ह्यांनी कान देऊन ऐकलं, काही सापडेना. गाडी ठेवून घेतली. घरी आले ते जेवलेही नाहीत.

सकाळी उठले आणि स्वतःहून आईसमोर जाऊन बसले. माझ्या हातात फोन दिला. त्यात एकच सूर हळूहळू वर चढत जाणारा होता, आणि पडद्यावर त्याच्या कंपनांचा आकडा दिसत होता. "आई, ऐकू येणं थांबलं की हात वर करा. मीही करतो."

पाच हजारांच्या आकड्याला ह्यांचा हात वर गेला. आईचा हात मांडीवरच. सहा, आठ, दहा. हे तिच्या हाताकडे टक लावून बघत होते. बारा हजारांना तो उठला.

माझा जीव टांगणीला लागला, आता आई काय बोलते! पण ती म्हणाली, "आमच्या सुपरवायझरबाईंचेही असेच गेले होते. कामाने झिजतात, त्यात लाज कसली? काठी दे गं माझी. दुकान उघडायचं ना?"

आई मास्तरांच्या गाडीत पुढे बसली. हे डिकीत वाकून पेटीशी. तेव्हा कुठे त्यांना उमगलं, की स्वतःला ऐकू यावं म्हणून वर्षभरात ते ट्वीटरचा जोर वाढवत गेले होते, आणि त्याच्या माथी दारातल्या स्पीकरचंही काम मारत होते. त्यांनी ट्वीटरची हद्द दोन हजारांवरून साडेतीनवर नेली, जोर उतरवला.

"शिट्टी गेली," आई ओरडली. "पण आता बाई घशातून बोलतेय."

"म्हणजे दारातल्याला जरा मोकळं सोडायला हवं. आता?"

"आता माणसात आली! पण गाणं लागलं की ते ढोल माझ्या पाठीत का बसतात?"

ह्यांनी डिकीतल्या स्पीकरची हद्द एकशेवीसवरून ऐंशीवर आणली. दुपार झाली. मास्तर येऊन बसले, बातम्या संपेपर्यंत उतरलेच नाहीत. उतरल्यावर त्यांनी ह्यांचे दोन्ही हात धरले.

"मला नाही," हे आईकडे हात करून म्हणाले. "धन्यवाद ह्यांना द्या."

मग ह्यांनी वर्षभरातल्या एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला. "माझे कान कमी झालेत, चूक माझी आहे, गाडी घेऊन या." मी घाबरले होते, लोक पाठ फिरवतील म्हणून. दोघा-तिघांनी फिरवलीही. बाकीचे आले, आणि आईशी गप्पा मारत बसले. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. आता मोठा आवाज लावायचा असला की हे कानात बोळे घालतात, आणि मंगळवार-शुक्रवार आई कामावर असते. तिच्या गुडघ्याला सोसेल अशी उंच खुर्ची ह्यांनी मुद्दाम करवून घेतलीय.

परवा दुकानातून येताना ह्यांनी गाडी बागेपाशी थांबवली. आई खिडकीतून झाडाकडे बघत होती.

"काय ऐकताय?"

"पाखरू आहे कुठलंसं. फार बारीक आवाज, तुम्हाला नाही यायचा."

"कसा आहे?"

आईने जरा कान दिला. मग तोच सूर खाली उतरवून, ह्यांना ऐकू येईल असा, गुणगुणून दाखवला. ह्यांनी तिला तो आणखी दोनदा म्हणायला लावला.