जास्तीचा अर्धा इंच

माझी मावशी चौथ्या मजल्यावर राहते आणि मी तिच्या बरोबर खाली, तिसऱ्यावर. बत्तीस वर्षं तिनं शाळेचे गणवेश शिवले. एकही गणवेश घट्ट होतो म्हणून परत आला नाही, हे ती नव्या माणसाला पाच मिनिटांच्या आत सांगते. बाकी बाई काळजीखोर. गॅस बंद केला का हे बघायला ती जिन्यावरून परत वर गेली नाही, असा दिवस मला आठवत नाही. मी फटकळ आहे, तिला तोंडावर हसते. पण त्या दोन महिन्यांत माझंही हसू पळालं होतं.

झालं असं. मावशीची मुलगी, म्हणजे माझी ताई, बाळंतपणानंतर दोन वर्षांनी नोकरीवर रुजू होणार होती. पोरीला दिवसभर मावशीनं सांभाळायचं ठरलं. पोरगी म्हणजे पायाला भिंगरी. एका दुपारी ताई दाताच्या डॉक्टरकडे गेली होती आणि मी वर जाऊन मावशीशी गप्पा मारत बसले होते. पोरगी कापड बेतायच्या टेबलावर कधी चढली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. तिनं खिडकीच्या जाळीला दोन्ही तळवे टेकवले आणि जाळी चौकटीसकट निखळून खाली गेली. मावशीनं झेप घेऊन फ्रॉकच्या पाठीला धरलं. चौथा मजला! खाली जाळी आपटल्याचा आवाज आला तेव्हा पोरगी मावशीच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होती.

"तिला सांगायचं नाही," मावशी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "सांगितलंस तर ती पोरीला परत या घरात पाऊल टाकू देणार नाही. माझी शपथ आहे तुला."

मी गप्प बसले. बसायला नको होतं, हे आज कळतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं नव्या खिडक्यांचा ध्यास घेतला. ताईला कारण सांगितलं डासांचं. पहिला कंत्राटदार आला, त्यानं दारात उभं राहूनच खिडकीकडे मान वळवली आणि आकडा सांगितला. पायातले बूटही काढले नाहीत. दुसरा आला तो गुळगुळीत पुस्तक घेऊन. त्यातल्या खिडक्यांबाहेर समुद्र होता. तासभर बोलला, पण खिशातून टेप काही निघाली नाही. "हा खिडक्या विकतो का हवा?" मावशीनं तो जिन्यात असतानाच मला विचारलं, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

तिसरा माणूस मी शोधला. बोलायला कंजूष, साठीकडे झुकलेला, कानामागे पेन्सिल. त्यानं प्रत्येक खिडकी तीन ठिकाणी मापली, वर, मध्ये, खाली. भिंत ठोकून पाहिली. दुसऱ्या खिडकीच्या जुन्या जाळीला बोट लावलं आणि एकच प्रश्न विचारला.

"घरात लहान मूल आहे?"

मावशी चटकन म्हणाली, "नाही. म्हणजे, येणार आहे."

"मग नीट ऐका. जाळी डासांसाठी असते. मूल टेकलं की ती निघते, कितीही महाग घ्या. मुलासाठी खिडकीच आखडती लागते. चार बोटं उघडेल, पुढे सरकणार नाही. किल्लीचा अडसर बसवू."

मावशीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. हा माणूस आपलं गुपित ओळखून बसलाय अशी तिची समजूत झाली आणि त्या क्षणापासून तिचं आणि खिडकीवाल्याचं बिनसलं. तरी काम त्यालाच दिलं, कारण बूट त्यानं न सांगता बाहेर काढले होते.

तो गेला आणि बाईंनी आपली टेप काढली. त्यानं ठेवलेल्या चिठ्ठीवरचे आकडे प्रत्येक खिडकीला पाव इंचानं कमी होते. माप चुकलं! फट राहणार! त्या फटीतून काय काय होऊ शकतं याची यादी तिनं रात्रभर केली असणार. मला मात्र तिनं विचारलं नाही. सकाळी चिठ्ठीवरच्या नंबरावर वर्कशॉपला फोन लावला, आपली मापं सांगितली, आणि वर प्रत्येक बाजूला अर्धा इंच जास्तीचा धरला. बत्तीस वर्षं हेच तर केलं होतं तिनं. वाढत्या अंगाला कापड कमी पडलं तर काय करणार? जास्त झालं तर आत दाबता येतं.

ताई सोमवारी रुजू होणार होती. शुक्रवारी सकाळी खिडकीवाला दोन माणसं घेऊन आला. हॉलची जुनी खिडकी उखडून काढली आणि नवी चौकट उचलून लावायला गेले, तर ती भोकापेक्षा मोठी. तिरकी करून पाहिली, खालून सरकवून पाहिली. खिडकीवाल्यानं चौकट भिंतीला टेकवली, टेप लावली आणि वर्कशॉपला फोन केला. फोन ठेवून तो मावशीकडे वळला.

"तुम्ही माप बदललंत?"

"तुमचं कमी होतं," मावशी म्हणाली.

"कमीच ठेवतात, मावशी. चौकट आत बसायला जागा नको? भोकाएवढी केली तर शिरेल कशी?"

"मला वाटलं, जास्त असलं तर... दाबून घेता येईल."

मागच्या दोघांतला एक खुसकन हसला. खिडकीवाला हसला नाही. "अ‍ॅल्युमिनियम दाबता येत नाही हो," तो म्हणाला, अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं. नव्या चौकटी बुधवारशिवाय मिळणार नव्हत्या. "सोमवारी मुलगी कामावर जाणार, तिला आता काय सांगू?" मावशी म्हणाली. भोकावर त्यानं प्लायवूड ठोकलं, चारी बाजूंनी स्क्रू मारले आणि जाताना म्हणाला, "मुलीला सांगा, आमच्या माणसाची चूक झाली. आम्हाला ऐकून घ्यायची सवय आहे."

शनिवारी ताई पोरीला आणि तिची दुपटी, खेळणी, छोटी खुर्ची असं सगळं घेऊन आली. दारातूनच तिला प्लायवूड दिसलं आणि तिचा पारा चढला. "हे काय आई? परवा मी कामावर जायचं आणि हे असं? कोण आहे तो कंत्राटदार? नंबर दे, बघतेच त्याच्याकडे!"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. म्हणजे, घे त्याचं नाव, तो स्वतःच म्हणालाय. लाज वाटते सांगायला, पण मी तसंच सुचवलं.

"त्याची चूक नाही," मावशी म्हणाली. "माप मी बदललं." आणि मग बांध फुटल्यासारखी तीच पुढे बोलत गेली. जाळी कशी निघाली, पोरगी कुठे उभी होती, फ्रॉक कुठे धरला. काही म्हणजे काही गाळलं नाही. "डासांचं खोटं सांगितलं तुला," ती म्हणाली. "मला भीती वाटली गं, तू तिला नेशील म्हणून."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "कधी?" मावशीनं दिवस सांगितला. मग ताईनं माझ्याकडे बघून विचारलं, "तुला माहीत होतं?" "हो," मी म्हटलं. तिनं पोरीला उचललं आणि घट्ट धरलं, इतकं की पोरगी कुरकुरली. आणलेलं सामान तसंच परत नेलं. छोटी खुर्ची तेवढी राहिली, कारण हात पुरले नाहीत.

ताईनं रजा वाढवली. मावशीनं शिवणाला हात लावला नाही. मी डबा घेऊन वर जायची, ती म्हणायची, "भूक नाही," आणि पुन्हा फोनकडे बघत बसायची. फोन आला तो खिडकीवाल्याचा.

बुधवारी चौकटी आल्या. आत अशा बसल्या की हाताला सांधा लागू नये. अडसर लावून त्यानं खिडकी सरकवली, चार बोटं उघडली आणि खट्कन अडली. मावशी पुढे झाली आणि तिनं खांदा लावला. सगळा जोर लावला, पाय मागे सरकेपर्यंत. आपल्या कामावर असा अविश्वास कुणाला आवडेल? पण तो बाजूला हात बांधून थांबला. म्हणाला, "दुसरीलाही लावून बघा."

"किल्ल्या किती येतात?" तिनं विचारलं.

"दोन."

रविवारी मावशीनं फोन केला, "एकदा बघून तरी जा." ताई आली, पोरीला कडेवर घेऊन. तिनंही खांदा लावला, अगदी आईसारखाच. मावशीनं पदराच्या गाठीतून दोन्ही किल्ल्या सोडल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

"या तुझ्याकडे ठेव. सकाळी लावून जा, संध्याकाळी आलीस की उघड. माझ्यावर नको ठेवूस विश्वास. कुलपावर ठेव."

"असू दे गं आई, एवढं काय," असं ताईनं म्हणावं म्हणून माझा जीव तुटत होता. मावशीचा तर त्याहून. हात तिनं पुढे केला होता, पण बोटं मिटलेलीच होती.

ताईनं ती बोटं उघडून दोन्ही किल्ल्या घेतल्या, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकल्या आणि चेन ओढली. मग कडेवरची पोरगी मावशीकडे दिली.

"उद्या नऊला आणते," ती म्हणाली. "दुपारी दोनला झोपते ती. त्याआधी भरव."