गेटवरची लग्नपत्रिका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि ती माझ्या पावलाच्या आवाजावरून ओळखायची की आज काय बिनसलंय. ती वारली, तेव्हाही तिला माहीत नव्हतं. आता लिहितोय ते रागाने लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. माझी शाळा चौथीपर्यंत. ओळ वाकडी जाईल, तर जाऊ दे.

राग कशाचा? आमच्या सोसायटीच्या बागेत एक माणूस रोज संध्याकाळी खोटं वाचून दाखवतो आणि दहा शिकलेली माणसं माना डोलवतात, त्याचा.

मुलाने विचुंब्याला फ्लॅट घेतला, तिथे मी राहतो. सोसायटीत देशमुख सर म्हणून आहेत, मुंबईच्या ऑफिसातून रिटायर झालेले. सरांनी कादंबरी लिहायला घेतली आहे. थ्रिलर म्हणतात तिला. विषय काय, तर रोडपालीच्या बाजूला एका सिक्युरिटी कंपनीवर भरदुपारी दरोडा पडला होता, तो. दुसऱ्यांना राखण पुरवणारी कंपनी स्वतःच लुटली गेली — लोकांना त्याची फार गंमत वाटते. सरांच्या कादंबरीत एक इंजिनियर आहे, तो कॉम्प्युटरवरून कॅमेरे बंद पाडतो. गटारातून येणारी माणसं आहेत. लाल गाडीतली एक बाई आहे. आणि एक फितूर वॉचमन आहे — लखन. दारूडा, बारीक डोळ्यांचा, परभणीकडून आलेला. तो आतून गेट उघडून देतो.

कसला इंजिनियर? कसलं गटार? मी त्या गेटवर अकरा वर्षं काढली आहेत. तिथे एक बाई यायची, ती झाडू मारायला.

पण थांबा. क्रमाने सांगतो, नाहीतर मी पुन्हा बगल देईन. बगल द्यायची मला सवय झाली आहे.

ती कंपनी जिथे उभी होती तिथे आमची भातखाचरं होती. पलीकडे खाडीच्या अंगाला मिठागरं. माझा बाप तिथे मीठ ओढायचा, त्याच्या टाचा कायम फुटलेल्या असायच्या. जमीन गेली, शेड उभी राहिली, आणि गावातल्या माणसांना घेतो म्हणाले म्हणून मला घेतलं. काय म्हणून? तर वॉचमन म्हणून. स्वतःच्या बांधावर स्टूल टाकून बसायचं आणि परक्या पोराने गाडीची काच खाली करून "ए, गेट खोल" म्हणायचं. मी उठायचो. सलाम ठोकायचो. आतल्या आत जळायचो.

त्या शेडमध्ये पैशांच्या पेट्या यायच्या. एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या जाळीच्या गाड्या असतात ना, त्या कंपनीच्या. आणि बंदोबस्त काय? गेटवर आम्ही दोघे. कंपनी दुसऱ्यांना कॅमेरे विकायची, आणि स्वतःच्या गेटवरच्या कॅमेऱ्याला लाल दिवा होता, वायर नव्हती. मी एकदा खुर्चीवर चढून तो पुसला तेव्हा बघितलं. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "नाना, चोराला काय माहीत?" चोराला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्या जोडीला लक्ष्मण ढगे होता. परभणीकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. गळ्यात तुळशीची माळ. सरांचा लखन दारू पितो. आमचा लक्ष्मण चहासुद्धा उपवासाच्या दिवशी घ्यायचा नाही. मला नाना म्हणायचा, मी आलो की स्टूल पुसून द्यायचा. नियम असा होता की गेट एकट्याने उघडायचं नाही, दोघांनी मिळून उघडायचं, आणि आत येणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं. पण माझ्या डब्यात रोज सुकी मच्छी. माळकऱ्याला तो वास सहन होत नाही. त्यामुळे लक्ष्मण जेवायला शेडच्या पाठीमागे बदामाच्या झाडाखाली जायचा आणि मी केबिनमध्ये खायचो. म्हणजे दुपारी अर्धा तास गेटवर एकच माणूस. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी काही बोलत नव्हतं.

आणि नावाचं म्हणाल, तर आपल्या माणसाचं नाव मी वहीत कधी लिहिलं नाही. गावचा कुणी भेटायला आला आणि मी त्याला ओळखपत्र विचारलं, तर तो माझ्या तोंडावर काय म्हणेल? आमच्यात विचारायची रीत वेगळी. कुणाच्या घरचा, कुठल्या आळीतला, तुझी आई कुठल्या गावची. एवढं जुळलं की झालं. त्यापुढे कागद कशाला?

त्या दुपारी लक्ष्मण पाठीमागे गेला होता. पैशांची गाडी नुकतीच आत आली होती, पेट्या उतरवणं चालू होतं. एक माणूस छोट्या गेटसमोर उभा राहिला. पांढरा शर्ट, कपाळाला कुंकू, हातात पिशवी.

"नाना, वलखलात का? मी घरतांच्या घरचा, कर्नाल्याच्या पायथ्याचा. तुमच्या मामेबहिनीच्या शेजारी आमचा घर. बहिनीचं लगीन हाय, पत्रिका द्यायला आलो."

बोली आपली. मामेबहीण खरंच तिकडे दिलेली. मी जाळीतून हात पुढे केला. तो हसला. "जालीतून अक्षता देऊ? तुमाला?"

मला लाज वाटली. इतक्या वर्षांत त्या गेटवर आत येणाऱ्या कुणी मला "तुमाला" असं म्हटलं नव्हतं. मी कुलूप काढलं. त्याला केबिनमध्ये घेतलं, माझ्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पत्रिका घेऊन आलेल्या माणसाच्या पाठीमागे आमच्या घरात दार लावत नाहीत, तो निघून जाईपर्यंत उघडं ठेवतात. आईची शिकवण. मी गेट तसंच उघडं ठेवलं.

"नुसत्या लग्नाला नाय, हलदीला यायचा," तो म्हणाला. "वैनीना घेऊन. नाव काय लिवू त्यांचा?"

त्याने पत्रिकेवर माझ्या बायकोचं नाव घातलं. मी टोपी काढली, पुढे वाकलो, त्याने मला टिळा लावला, हातात अक्षता दिल्या. मी डोळे मिटले. किती वेळ? दोन श्वास. मग त्याने घरच्यांची चौकशी केली, गुडघ्याची केली, मुलाच्या नोकरीची केली. मी बोलत राहिलो. मला बोलायला आवडलं.

तेवढ्यात त्याचे साथीदार गेटमधून आत गेले. अंगावर आमच्याच कंपनीचा गणवेश. तसला गणवेश कुठलाही शिंपी शिवून देतो. आतल्या तिघांना त्यांनी बांधलं आणि पेट्यांसकट गाडी सुरू केली. पाहुणा "येतो नाना" म्हणून चालत गेला. गाडी मोठ्या गेटच्या आडव्या दांड्यापाशी आली, हॉर्न वाजला. मी पास बघितला नाही. एका मुठीत अक्षता होत्या, दुसऱ्या हाताने दांडा वर केला. वर सलामही ठोकला.

गाडी नंतर कर्नाळ्याच्या अलीकडे सापडली. रिकामी.

हा तुमचा थ्रिलर. लाल गाडी नाही, काही नाही. एका म्हाताऱ्याला मान दिला आणि गेट उघडलं.

आता जे सांगायचं ते सांगतो.

पोलीस आले. इन्स्पेक्टरने विचारलं, "गेट कुणी उघडलं?" लक्ष्मण डबा धुऊन तसाच धावत आला होता, डबा अजून हातातच होता. सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब, पोलीस, आमच्या गावचे चार जण. मला तुरुंगाची भीती वाटली का? नाही. मला एवढंच दिसलं, की उद्या गावच्या नाक्यावर पोरं म्हणतील — नानाला पत्रिका दाखवली न् नानाने तिजोरी दिली. ते हसणं मला ऐकू आलं. आणि कॅमेऱ्याला वायर नाही, हेही त्याच क्षणी आठवलं. दोन्ही एकदमच आठवलं.

मी म्हणालो, "मी पाठीमागे भाकरी खात होतो. गेटवर लक्ष्मण होता."

लक्ष्मणला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं म्हातारा घाबरून उलटं बोलला. "आसं कसं म्हनता, नाना? तुमीच व्हता की गेटवर." मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो माळेला हात लावून शपथ घ्यायला लागला, तेव्हा एक हवालदार म्हणाला, "माळ काढून ठेव, आत चालत नाही."

चौकीवर माझ्यासाठी आमचं गाव आलं. रिक्षा भरून, गाड्या भरून. नानाला हात लावायचा नाय, नाना इथला भूमिपुत्र हाय. सरपंच स्वतः आला. लक्ष्मणसाठी कुणी आलं? त्याची बायको, बसने. मला त्या इन्स्पेक्टरची चीड येते. दोन माणसं दोन गोष्टी सांगतात, आणि तू ज्याच्या मागे गर्दी आहे त्याचं लिहून घेतोस? एकदा पाठीमागे जाऊन बघितलं असतंस. बदामाखाली त्याच्या पिठल्याचा थेंब पडला होता, माझ्या केबिनमध्ये बोंबलाचे काटे होते. वास तरी घ्यायचा. पण कुणाला शोधायचंच नव्हतं. साहेबांना कॅमेऱ्याची वायर झाकून विमा मिळवायला आतला फितूर माणूस हवा होता, पोलिसांना कुणीतरी हवा होता. मी त्यांना तो दिला.

हे मी साहेबांवर आणि पोलिसांवर ढकलतोय का? बघा, सवय म्हटलं ना.

पाच-सहा दिवसांनी लक्ष्मणची बायको गावात आमच्या घरी आली. पदरात बांधून थोडी ज्वारी आणली होती, गावाकडची. ओट्यावर ठेवली. म्हणाली, "नाना, ते म्हनले, नाना घाबरून बोलले आसतील, आता सांगतील. तुमचं समदे ऐकत्यात." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "बघतो." बायकोने तिला जेवू घातलं. ती गेल्यावर बायको म्हणाली, बिचारीचा नवरा असा निघाला. त्या ज्वारीची भाकरी तिने दुसऱ्या दिवशी केली, आणि मी ती खाल्ली.

पत्रिका माझ्याकडेच होती. डब्याच्या पिशवीत, तळाशी. पोलिसांना दाखवली असती तर? खाली छापखान्याचं नाव होतं, गाव होतं. माग लागला असता. मी स्वतःला सांगत होतो, पत्रिकावाला वेगळा आणि चोर वेगळे. तो बिचारा खराच पाहुणा असेल. पत्रिकेवरची तारीख आली तेव्हा मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, बायकोला काही न सांगता एकटा कर्नाळ्याच्या बाजूला गेलो. हात जोडून प्रार्थना करत गेलो, की हॉल सजलेला असू दे. नवरीला आहेर द्यायला पाकीटही नेलं होतं.

हॉलला टाळं होतं. बाहेर एक बाई वाल सोलत बसली होती. म्हणाली, या महिन्यात इथे लग्नच नाही, रंगकाम काढलंय.

मी घरी आलो. न्हाणीच्या चुलीत पत्रिका घातली. बायकोचं नाव तेवढं उशिरा जळलं. लक्ष्मण त्या वेळी कोठडीत होता. चौकी रस्त्यात होती. येताना माझी रिक्षा तिच्यासमोरूनच आली.

त्याला पुढे जामीन मिळाला, खटला वर्षानुवर्षं चालला, शेवटी पुरावा नाही म्हणून सोडला. निर्दोष म्हणून नव्हे. गेटवरची नोकरी त्याला पुन्हा कुणी दिली नाही. खरे चोर सापडलेच नाहीत. मी मात्र वय होईपर्यंत त्याच गेटवर बसलो, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी इमानदारीबद्दल शाल दिली. ती मी घेतली.

आता परवाचं. देशमुख सरांनी प्रकरण वाचून संपवलं. त्यात लखन बारमध्ये नोटा उधळतो. सगळे वा वा म्हणाले. मी तावातावाने उठलो. मी ओरडणार होतो की बंद करा हे, त्या माणसाने आयुष्यात दारूचा ग्लास हातात धरला नाही. सर चष्म्यावरून बघून म्हणाले, "नाना, तुम्ही तर त्याच कंपनीत होता ना? तुम्हीच सांगा. लखन बरोबर उतरलाय का?"

दहा माणसं माझ्याकडे बघत होती. अगदी तेव्हासारखी.

मी म्हणालो, "बरोबर हाय." आणि खाली बसलो. सरांनी माझं नाव पुस्तकात आभारात घालायचं कबूल केलं.

म्हणजे मी एवढा वेळ ज्या खोट्यावर चिडतोय, ते सरांचं नाहीच. त्यांनी इंजिनियर घातला, बाई घातली, ती त्यांची. लखन माझा आहे. मी बनवला, एका वाक्यात, आणि परवा पुन्हा एकदा पक्का केला.

लक्ष्मण आता कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

तो पाठीमागे भाकरी खात होता. गेटवर मी होतो.