चौकटीची तुटलेली रेघ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, अमावस्या... आणि शेवटी कोणीतरी म्हातारा सांगणारच की ती बाई वारून कित्येक वर्षं झाली. मी डोळे तपासणारी बाई आहे. रत्नागिरीत एका चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दुकानातर्फे गावोगावी शिबिरं घेते. तक्त्यावरचं अक्षर दिसत नसताना ठोकून देणारे लोक मला रोज भेटतात, त्यामुळे "मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं" या वाक्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

आज मीच लिहायला बसले आहे, तर हसायचं त्यांनी खुशाल हसा. फक्त एक आधीच सांगते – मी काहीही बघितलेलं नाही. सगळी गोची तिथेच आहे.

शिबिरांच्या निमित्ताने जिल्हाभर फिरणं होतं. माझ्या पर्समध्ये एक छोटं स्केचबुक आणि एक मऊ पेन्सिल कायम असते. डॉक्टर यायचे असतात, शाळेची किल्ली शिपायाकडे अडकलेली असते, गाडी पंक्चर असते... अशा वेळी मी समोर जे असेल ते काढत बसते. एस.टी. स्टँड, जेटी, कोणाची तरी गुरं. मी मोठी चित्रकार नाही. पण दोन नियम पाळते. समोर आहे तेच काढायचं, आणि खोडरबर जवळ ठेवायचा नाही. आठवणीतून काढायला गेलं की माणूस खोटं बोलायला लागतो, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

आता आईबद्दल. आमचं गाव संगमेश्वरपासून बरंच आत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चुलते अजून तिथेच राहतात आणि त्यांना फुकटची चर्चा नको. आई तिथे एकटी राहायची. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी तिला माझ्याकडे, मिरजोळ्याच्या बाजूला, फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून ती अंथरुणातच होती. धाकटा भाऊ अनंता डोंबिवलीला असतो. तो फोन करायचा. फोनवर तो फार छान बोलतो.

आईचं सगळं मीच केलं. अंघोळ, औषधं, बाकीचंही. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, पण सांगितल्याशिवायही राहवत नाही. मी घास भरवायला समोर बसले की तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे. खाली रिक्षा थांबली की विचारायची, "अनंता आला काय गो?" नाही म्हटलं की घास गिळायची. दोन वर्षं मी तिच्या नजरेच्या आड येणारी एक वस्तू होते, कपाटासारखी.

शिमगा जवळ आला तसा तिने ध्यास घेतला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. घर सारवून, दार उघडं ठेवून, घरातल्या माणसांनी उभं राहायचं, ओटी भरायची, आणि मानकरी त्या घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतात. आई लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं दार पालखीला कधी बंद नव्हतं. आदल्या वर्षी आईची पालखी पहिल्यांदा चुकली होती.

"सुमे, मला माज्या घरात ने गो," ती म्हणायची. "देवी दारातना परत जाते ती रुसून जाते."

डॉक्टर म्हणाले, हलवू नका. अनंता म्हणाला, "अगं, मी गाडी घेऊन येतो ना. मी स्वतः उचलून नेतो तिला. तू काळजी करू नकोस." हे त्याने स्पीकरवर सांगितलं. त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवली. मला म्हणाली, "माजा हिरवा लुगडा काडून ठेव."

पालखीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. मुलीची परीक्षा आहे, निघता येत नाही. आईला सांगायचं काम अर्थात माझ्याकडे. मी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, "तो येल. तू गावच्या घराचा दार तरी उगडा ठेव."

योगायोग असा, की पालखी आमच्या वाडीत येणार त्याच दिवशी आमचं शिबिर शेजारच्या गावात होतं. दुपारी ते आटोपलं. डॉक्टर त्यांच्या गाडीने गेले. मी, दुकानाची व्हॅन आणि चालवणारे इरफानभाई मागे राहिलो. इरफानभाई आईला ओळखतात, दोनदा त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं होतं. मी म्हटलं, "भाई, वाटेत आमच्या घरी थांबू या का? पालखी येऊन जाऊ दे."

"थांबू की, ताई. आईंचं मन राहील," ते म्हणाले.

चुलतीने खळं सारवून ठेवलं होतं. मी कुलूप काढलं, दारं सताड उघडली, आंब्याच्या डहाळीचा टाळ लावला, ओटीचं ताट भरून पडवीत ठेवलं. पालखी अजून वरच्या आवाटात, वाडीच्या वरच्या अंगाच्या घरांत होती, ढोल ऐकू येत होते. करायला काही उरलं नाही तेव्हा मी खळ्याच्या कडेला दगडी गडग्यावर, दाराच्या बरोब्बर समोर बसले आणि घर काढायला घेतलं. चिऱ्याच्या भिंती, कौलं, उघडं दार, आतला काळोख. ऊन चांगलं होतं. घरात कोणी नव्हतं. खळ्यातही कोणी नव्हतं. इरफानभाई माझ्या मागे काजूच्या सावलीत उभे होते. चित्र होत आलं तेव्हा ढोल जवळ आले, म्हणून वही मिटून पर्समध्ये टाकली.

पालखी नाचत नाचत गडग्यापर्यंत आली आणि थांबली. खांदेकऱ्यांनी एकदा आत पाऊल टाकलं, मागे आले. दुसऱ्यांदाही तेच. पोरांना वाटलं देवी खेळतेय, ढोल वाढले. मानकरी काकांनी हात वर करून ते बंद केले आणि मला विचारलं, "बाय, घरात काय सुतक हाय काय?"

"नाही हो काका. कसलं सुतक?"

"मग ही आत का येत नाय?"

पालखीखालचा एक जण घामाघूम होऊन म्हणाला, "जड झाली. ढकलतेय मागं."

मी ताट घेऊन उभी होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग काका हलक्या आवाजात म्हणाले, "घरचा माणूस नाय ना आज," आणि पालखी पुढच्या घरी गेली. तिथे सरळ आत गेली.

मला तेव्हा भीतीबिती वाटली नाही. संताप आला. मुलगा डोंबिवलीत बसलाय तो घरचा माणूस, आणि मी कोण? मी दार आपटून लावलं, कुलूप घातलं, ताट तसंच चुलतीच्या हातात दिलं आणि गाडीत बसले. हे सगळं गावकऱ्यांनी मुद्दाम केलं असंच मी धरून चालले होते. आमच्या गावात रेंज नाही. हायवेला लागलो तेव्हा फोन एकसारखा वाजायला लागला. आईजवळ दिवसा बसणाऱ्या मावशींचे मिस्ड कॉल. आई दुपारीच गेली होती.

कोणी वेळ जुळवायला बसणार असेल, तर सांगते – मावशींनी घड्याळ बघितलं नाही, मीही बघितलं नव्हतं. एवढंच कळलं की मी गावात असताना ती गेली. जाण्याआधी तिने मावशींना हिरवं लुगडं नेसवायला लावलं होतं.

आई शेवटी घरी गेली, ॲम्ब्युलन्समधून. अनंता आला. तेव्हाही परीक्षा चालूच होती, पण तेव्हा निघता आलं.

वही मी बरेच दिवस उघडली नाही. मग बुरोंडीला शिबिर होतं. आम्ही लवकर पोचलो, म्हणून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या काढाव्यात म्हटलं. कोरं पान शोधताना ते पान समोर आलं.

दारात आई उभी होती. लुगडं नेसलेली, एक हात चौकटीला धरून, स्वतःच्या पायांवर.

मी आधी तेच केलं जे कोणीही करेल. तिला मागाहून कोणी काढलंय का, ते बघितलं. पेन्सिल माझीच, रेघही माझीच. मी गोल काढताना पेन्सिल मधेच जराशी उचलते, ती खूणही तशीच. आणि दाराची उजवी चौकट... तिची रेघ वरून येते, आईच्या खांद्याशी थांबते, आणि कोपराखालून पुन्हा सुरू होते. खांद्याच्या आत रेघ नाही. खोडलेलीही नाही. म्हणजे आई आधी काढली गेली, चौकट तिच्यानंतर, तिला वगळून. उघड्या रिकाम्या दाराची रेघ अशी मधेच कोण सोडेल?

मी वही इरफानभाईंपुढे धरली. ते म्हणाले, "हे तर त्या दिवशीचं, ताई. मी तिथंच बघितलेलं, तुम्ही काढत होतात तेव्हा. मला वाटलं, आठवणीनं काढताय. म्हणून बोललो नाही."

"भाई, दारात कोणी होतं?"

"नाही, ताई. कोणीच नव्हतं."

वर्षश्राद्धाला मी ते पान अनंताला दाखवलं. का दाखवलं, मलाच माहीत नाही. बहुधा त्याला लाज वाटेल असं वाटलं होतं. तो रडला. मग म्हणाला, "बघितलंस? शेवटपर्यंत माझी वाट बघत होती गं." आणि पान मागितलं. मी फाडून दिलं. आता ते डोंबिवलीला हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय, हार घालून. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानाने सांगतो. माझ्याकडे मोबाईलमध्ये फोटो आहे.

एका डॉक्टर मैत्रिणीने मला समजावलं. ती म्हणाली, तुझा हात आईला रोज उचलत होता, त्याला तिची सवय होती. मन दुसरीकडे असताना हाताने ती काढली. तुझ्या मनाला ती तिथे हवी होती, म्हणून आली. पटण्यासारखं आहे. पालखीचंही काहीतरी असेल, खांदेकरी थकले असतील. मी वाद घालत नाही, कारण माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही.

पण माणूस कुठे बघतोय हे ओळखणं हा माझा धंदा आहे, आणि त्या चित्रातली आई समोर बघत नाही. ती डावीकडे बघतेय, संगमेश्वरहून गाड्या येतात त्या वळणाकडे. मी दाराच्या अगदी समोर बसले होते. तिला मानसुद्धा वळवावी लागली नसती.

माझ्या मनाने तिला काढलं असतं, तर एकदा तरी माझ्याकडे बघताना काढलं असतं.